तिसऱ्यांदा परत आलेली गाडी

त्या दुपारी रघुदादा जेवायला गेला नसता, तर विक्रांत माझ्या टेबलापाशी आलाच नसता.

उल्हासनगरात टेकचंद शेठच्या कार-ऑडिओच्या दुकानात दोन टेबलं आहेत. एक रघुदादाचं, वीस वर्षांपासूनचं. दुसरं माझं, सहा महिन्यांपासूनचं. गिऱ्हाईक आत शिरलं की सरळ रघुदादाकडे जातं, आणि तो नसला की मला विचारतं, "मॅडम, कारीगर कुठाय?" आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्समध्ये मी पहिली आले होते, पण ते काही कपाळावर लिहिलेलं नसतं.

विक्रांतने मात्र तसं विचारलं नाही. माझ्या हातातलं सोल्डरिंगचं काम संपेपर्यंत दारातच थांबला.

"सीडी चेंजर बघता का तुम्ही?"

"बघते. हल्ली कोणी आणत नाही, एवढंच."

"मी आणलाय. डिकीत आहे. आणि पुढच्या सीटवर बाबा आहेत. दोघांनाही टचस्क्रीन चालत नाही."

मला हसू आलं… आणि गल्ल्यावरून शेठ बघत होते म्हणून ते आवरावंही लागलं.

गाडी जुनी, पण पुसून-पुसून लखलखीत ठेवलेली. पुढे बसलेले त्याचे बाबा, नरेंद्रकाका, खिडकीतून म्हणाले, "पोरी, खड्डा आला की गाणं उडी मारतं. आणि आमच्या अंबरनाथपासून इथपर्यंत खड्ड्यांना काय तोटा?"

डिकीत, मागच्या सीटच्या पाठीला टेकून, सहा सीडींची ती काळी पेटी उभी बसवलेली होती. अशा पेटीच्या बाजूला एक छोटी चकती असते. तिच्यावर दोन खुणा – एक आडवी, एक उभी. पेटी जशी बसवली असेल तशी चकती फिरवायची, मग आतल्या स्प्रिंगा धक्का झेलतात. आधीच्या कुणी शहाण्याने पेटी उभी बसवली होती आणि चकती आडवीवर ठेवली होती. मी स्क्रूड्रायव्हरने ती वळवली. दोन मिनिटांचं काम.

"एवढंच?" तो इतका जवळ वाकला होता की त्याच्या शर्टाला येणारा साबणाचा वास मला आला. मोरिवलीच्या एका कंपनीत तो लॅबमध्ये होता, हे मला तोवर कळलं होतं. कसं कळलं, ते विचारू नका.

"एवढंच. पण एवढंच माहीत असायला लागतं."

"मग मलाही दाखवा ना…"

मी दाखवलं. चकती दोन्हीकडे फिरवून दाखवली. इतकं नीट दाखवायची काही गरज नव्हती, हे आज कबूल करते.

आठवड्याने तो परत आला. एकटाच.

"पुन्हा उड्या मारतंय."

मी पेटी काढून टेबलावर आडवी ठेवली, लेन्स पुसली, वायर तपासली, सीडी लावली. गाणं कसं मख्खन वाजलं! तो समोरच्या स्टुलावर बसून माझ्या बोटांकडे बघत होता.

"तुमच्या हातात आलं की बरोबर सरळ होतं," तो म्हणाला.

"टेबलावर आलं की होतं. माझ्या हातात नाही."

"काही फरक आहे का?"

"आहे. टेबल लाजत नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. कान मात्र लाल झाले त्याचे. मी पेटी पुन्हा गाडीत बसवून दिली आणि गाडी वळेपर्यंत बघत राहिले.

मागे वळले तर शेठ माझ्या टेबलामागच्या भिंतीवर खडूने एक रेघ ओढत होते. त्यांचा नियम दुकानाइतकाच जुना होता: एकच काम तीनदा परत आलं, की कारीगराचं टेबल गेलं. "तीन बार वापस, तो टेबल वापस. साईं, धंधे में दोस्ती नहीं." रघुदादानेही पंचविशी-तिशीत हे भोगलं होतं म्हणे.

पुढच्या आठवड्यात तीच तक्रार घेऊन तो पुन्हा आला, आणि दुसरी रेघ पडली.

आता माझी जी तगमग सुरू झाली, ती काय सांगू! बदलापूरला हेंद्रेपाड्यात घरी गेले तरी डोक्यात तीच पेटी. तव्यावर पोळी करपली तेव्हा आई ओरडली, "यशो, लक्ष कुठाय तुझं?" कुठे होतं ते मलाच कळत नव्हतं. लेन्सचा विचार करायला बसावं, तर त्याचे लाल कान आठवायचे. कानांचा विचार करावा, तर भिंतीवरच्या रेघा दिसायच्या. तो यावा असंही वाटायचं, आणि बाबा रे, तेवढं येऊ नकोस, असंही वाटायचं. बाहेर कुठली गाडी थांबली की हातातला स्क्रू हमखास खाली पडायचा.

आणि तो आला. तिसऱ्यांदा. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून, हसत.

मी पेटी उघडली, बंद केली, काहीच सापडलं नाही. त्याला मी नियमाबद्दल अवाक्षर बोलले नाही. गिऱ्हाइकापुढे कशाला रडायचं? तो गेल्यावर शेठनी तिसरी रेघ ओढली. संध्याकाळी माझ्या टेबलावर रघुदादाचे खोके आले, आणि दुसऱ्या दिवसापासून मी सीट कव्हरच्या काउंटरवर रेक्झिन मोजायला लागले.

मोजता मोजता एकच प्रश्न डोकं खात होता. काय तपासायचं राहिलं? लेन्स झाली, वायर झाली, मोटर झाली… दुसऱ्यांनी केलेलं सगळं मी तपासलं होतं. मी स्वतः केलेलं मात्र एकदाही नाही. रेक्झिनची गुंडाळी तशीच टाकली आणि जॉबकार्डवरून त्याचा नंबर लावला.

"गाडी घेऊन या. आत्ता."

अर्ध्या तासात तो हजर झाला, केस ओले, भांग ताजा. मी डिकी उघडली. चकती आडवीवर होती. खड्ड्याने पेटी हलते, पण चकती फिरायला स्क्रूड्रायव्हरच लागतो. आणि टेबलावर पेटी मी आडवीच ठेवत होते, मग तिथे ती वाजणारच!

"ही तुम्ही फिरवलीत?"

तो हसला. "एकदाच. पहिल्या आठवड्यात. म्हटलं, तुम्ही लगेच पकडाल आणि हसाल. तुम्ही काहीच बोलला नाहीत… म्हणून मला वाटलं, तुम्हाला कळलंय, आणि तुम्हीही मुद्दाम तशीच ठेवताय. मी यावं म्हणून."

त्याचा चेहरा इतका निष्पाप होता की मला जास्तच राग आला.

"माझं टेबल गेलं, विक्रांत."

"म्हणजे?"

मी सांगितलं. रेघा, नियम, रेक्झिन, सगळं. ऐकता ऐकता त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"तुम्हाला गंमत वाटत होती. मला वाटत होतं, माझ्या हातातलं कसबच गेलं. रात्र-रात्र झोप नाही मला!"

"मला नियम माहीत नव्हता, यशोधरा…"

"विचारलंत कधी?"

तो वळला. सरळ दुकानात गेला. रघुदादा होता, दोन गिऱ्हाइकं होती, त्या सगळ्यांसमोर शेठना म्हणाला, "शेठ, मशीन मैंने बिगाडा. इनको मिलने का बहाना चाहिए था मुझे. इनकी कुछ गलती नहीं."

एका गिऱ्हाइकाने चक्क शिट्टी वाजवली. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. शेठनी चष्म्यावरून आधी त्याला पाहिलं, मग मला.

"इसने बिगाडा, मान लिया. पर तेरी आँख किधर थी?"

सगळं त्याच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण प्रश्न बरोबर होता.

"चुकलं माझं, शेठ. मी स्वतः केलेलं काम मी पुन्हा बघितलंच नाही."

"और पकडा किसने?"

"मीच."

शेठ उठले आणि तळहाताने तिन्ही रेघा पुसून टाकल्या. रघुदादा न सांगताच खोके उचलायला लागला. "घे बाई तुझं राज्य," म्हणाला.

विक्रांत बाहेर गाडीपाशी उभा होता. मी चकती फिरवली, डिकी लावली.

"ही गाडी पुन्हा इथे आणायची नाही."

"आणि मी?"

मी उत्तर न देता आत निघून गेले.

मुलगा भलताच आज्ञाधारक निघाला. एक दिवस नाही, दोन नाही, बारा दिवस आला नाही! टेबल परत मिळालं होतं, पण त्या टेबलावर मला बसवत नव्हतं. हॉर्न वाजला की मान वर. शेवटी रघुदादा म्हणाला, "यशो, मान मोडेल. जा की एकदाची."

तेराव्या दिवशी बदलापूरच्या बसमधून मी अंबरनाथलाच उतरले. पश्चिमेचा पत्ता जॉबकार्डवर होता, आणि मला पाठही झाला होता. दार नरेंद्रकाकांनी उघडलं.

"अगं, गाडी छान वाजतेय आता."

"गाडीचं काम नाहीये, काका."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग आत हाक मारली, "विक्रांत, तुझ्याकडे आलंय कोणीतरी," आणि पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले.

तो बाहेर आला. हाताला लसणाची सालं चिकटलेली.

"काय झालं? शेठ पुन्हा काही…"

"काही नाही झालं. टेबल आहे. कम्प्लेंट नाही."

"मग?"

"बारा दिवस आला नाहीत."

"तुम्हीच म्हणालात…"

"गाडी आणू नका म्हणाले."

"माझं काय, ते मी विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाही."

खरंच दिलं नव्हतं. 

"आता देते. मला तू आवडतोस. खूप आवडतोस. पण माझ्या कामात पुन्हा हात घालायचा नाही. भेटायचं असेल तर भेटायलाच यायचं… सरळ, सांगून."

त्याने हाताची लसणाची सालं झटकली. मग हळूच म्हणाला, "उद्या येऊ?"

"उद्या खूप काम आहे."

"थांबेन."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता तो दुकानासमोर येऊन उभा राहिला. हातात काही नाही, गाडी नाही. शेठनी विचारलं, "अब क्या बिगडा?"

"कुछ नहीं, शेठ. यशोधरा का काम होने तक रुका हूँ."

शेठनी त्याच्याकडे पाहिलं आणि आतलं एक स्टूल बाहेर सरकवून दिलं.

माझ्यापुढे एक अँप्लिफायर उघडा पडला होता. तो बाहेर बसलाय हे मला ठाऊक होतं, आणि तो कुठे जाणार नाही हेही. मी एकेक वायर जोडली, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. हातातून एकही स्क्रू पडला नाही.