दाद देऊ नये

बाहेर वैशाख पेटलेला असतो आणि आत आम्ही ब्लँकेटं पांघरून कुडकुडत पडलेले असतो. डायलिसिसचं असंच असतं. रक्त नळीतून बाहेर जातं, मशीनमधून फिरून परत येतं आणि येताना थंडी घेऊन येतं. कर्जतच्या आमच्या सेंटरला खिडकी एकच. तिच्यातून माथेरानचा डोंगर दिसतो, उन्हानं धुरकटलेला. एक दिवसाआड तो डोंगर बघायचा आणि घरी जाऊन पाणी मोजून प्यायचं. ऐन उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी माणसाला भीक मागायला लावणारा हा रोग आहे. लोक म्हणतात, जयवंताबाई, धीर धरा. धरते की. दुसरं काय हातात आहे?

मी रेडिओ न्यायला लागले तो दुपारच्या मैफलींसाठी. उन्हाळ्यात जुन्या संग्रहातल्या शास्त्रीय मैफली लावतात. वडील भजनात पेटी वाजवायचे, त्यामुळे सूर कुठं घसरला ते मला कळतं. नोकरी केली ती खालापूरकडच्या पाइपांच्या कारखान्यात, तपासणीला. जन्मभर माल नापास करायचा पगार घेतला. गाणंसुद्धा मी चुका शोधायला ऐकते.

शेजारच्या बेडवर मालोजीदादा असायचे. डोंगराखालच्या गावातले शेतकरी, भजनाचे वेडे. पहिल्याच दिवशी त्यांनी हात पुढे केला. "बाई, एक बोंडूक आमच्या कानात द्या की."

मग इअरफोनचं एक टोक माझ्या कानात, दुसरं त्यांच्या. मधे वायर ताणलेली. गाणारी बाई कोण ते कळलं नाही. निवेदक नाव सांगायला लागला की नेमकी खरखर यायची. सारंग होता. मला पहिल्या आलापातच कुठंतरी खोट सापडेल असं वाटलं होतं, नाही सापडली. मालोजीदादांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "भले! भले गं बाय!"

अख्खी खोली त्यांच्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "दादा, हळू. ती काय तुमचं ऐकतेय?"

"दाद नाय दिली तर गानाऱ्याचा अपमान हाय. लग्नात जेवून आहेर न देता पळाल्यासारखा. तुमी का गप?"

"मला नाय जमत."

ते हसले. त्याच वेळी माझ्या कानात, रेडिओतल्या श्रोत्यांमधून, कुणीतरी म्हणालं, "भले! भले गं बाय!"

वायरीत काहीतरी गडबड असेल, आवाज घुमला असेल, असं मी धरून चालले. पुढच्या खेपेला रेडिओवर पुन्हा तीच बाई, तोच सारंग. मालोजीदादा सुया टोचल्यावर लगेच झोपले. तोंड उघडं, घोरणं चालू. इअरफोन त्यांच्या कानातून उशीवर पडलेला. आणि रेडिओत, समेवर, टाळ्यांच्या आधी, त्यांचा आवाज आला. घशातली तीच खर. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत नव्हते.

त्यानंतरच्या खेपेला तो बेड रिकामा होता. टेक्निशियन निलेश चादर बदलत होता. "मालोजी आजोबा गेले, मावशी. झोपेतच." मी रेडिओ लावला. ते त्या मैफलीत होते आणि आवाज आजारी माणसाचा नव्हता. चांगला जेवूनखाऊन बसलेल्या माणसाचा होता.

त्यांच्या जागी चिंधीबाई आली, डोंगरातल्या वाडीवरची. तिला राग-ताल कशाशी खातात ते माहीत नव्हतं. पण एकटीला कंटाळा येईल म्हणून मीच इअरफोन दिला. माझी बुद्धी! ऐकता ऐकता ती जीभ टाळूला लावून च्च च्च करायची आणि म्हणायची, "गोड हाय गं माय, लय गोड." पुढच्या आठवड्यात ते च्च च्च मला रेडिओतून ऐकू आलं. चिंधीबाई तेव्हा समोर बसून भाकरीचा तुकडा चघळत होती. चार दिवसांनी तिचाही बेड रिकामा.

मी भित्री नाही. निलेशला बोलावून इअरफोन त्याच्या कानात घातला. म्हटलं, "मागं लोक काय बोलतायत ते सांग."

तो थोडा वेळ ऐकत राहिला. "कोण बोलतंय? नुसतं गाणं हाय, मावशी. झोप येते यानं." दाद न देता तो निघून गेला. तो आजही ठणठणीत आहे.

त्या दिवशी निवेदकाचं एक वाक्य खरखरीतून सुटून आलं. ही मैफल ध्वनिमुद्रित झाली तेव्हा माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.

रेडिओ बंद करून घरी ठेवायला हवा होता, हे मलाही कळतं. पण त्या गाण्यात अजून मला चूक सापडली नव्हती. आणि मी दाद देत नव्हते, तेव्हा मला कसली भीती?

माझी मुलगी सुरभी लोधिवलीला दिलेली. मी राहते चौकला. तीच मला गाडीवर बसवून कर्जतला आणायची, सोडून परत घरी जायची. तिची किडनी मला जुळली होती. मुंबईला ऑपरेशन व्हायचं होतं, पावसाच्या आधी. सासरच्यांची तोंडं वाकडी झाली होती, पण पोरगी हटून बसली. मी तिला एवढंच म्हटलं होतं, "बघ बाई, नंतर मला बोल लावू नको."

त्या दुपारी माझं बीपी उतरलं. डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंडात लोखंडाची चव. निलेशनं पाय वर केले. सुरभी त्या दिवशी ऊन फार म्हणून थांबली होती. शुद्धीवर आले तेव्हा ती माझ्या उशाशी स्टुलावर बसलेली होती आणि सुटून पडलेला इअरफोन तिनं आपल्या कानात घातला होता.

"वा!" ती म्हणाली. "आई, काय गाते गं ही! वा!"

मी सुया लावलेल्या हातानं तिच्या कानातून वायर ओढली. मशीन किंचाळायला लागलं. सगळे धावले.

"येड लागलंय का तुला?" सुरभी ओरडली. "हाताला रक्त आलं बघ!"

पुढच्या खेपेला मी दोन्ही बोंडकं स्वतःच्या कानात घातली. देवाला हात जोडले नाहीत, पण मनात म्हटलं, नको. नको तिचा आवाज. सारंग सुरू झाला. मालोजीदादा भले म्हणाले. चिंधीबाईनं च्च च्च केलं. आणि त्यांच्यामधून, तरणा आणि खूश, माझ्या पोरीचा आवाज आला. "वा! काय गाते गं ही!"

घरी गेल्यावर मी सुरभीला सगळं सांगितलं. ती भांडी विसळत होती. एकदाही मागं वळली नाही.

"मग आता काय करायचं म्हणतेस?"

"ऑपरेशन नाय करायचं. मला तुझी किडनी नको."

तिनं नळ बंद केला. "दहावीला पंच्याऐंशी टक्के पडले तर म्हणालीस, गणितात कमी हायेत. नवरा आणला तर म्हणालीस, बुटका हाय. आता किडनी पण नापास केलीस?"

"सुरभी, तुझ्या जिवावर आलंय गं!"

"रेडिओतली भुतं कशाला सांगतेस? माझ्याकडून काय घ्यायचंच नाय, असं सरळ सांग की!"

मी मुंबईला फोन करून नकार कळवला. सुरभीचं बोलणं बंद झालं. तरी ती मला सोडायला यायची. गाडीवर माझ्यापुढं दगडासारखी बसायची आणि सेंटरमध्ये माझ्याकडे पाठ करून मोबाइल बघत बसायची. ऑपरेशन रद्द झालं म्हणून रेडिओतला तिचा आवाज मात्र थांबला नाही. उलट स्पष्ट व्हायला लागला. आता ती नुसतं वा म्हणत नव्हती, शेजारच्या कुणाशी तरी हसून बोलत होती.

मी विचार केला. रेडिओ माझा. आजार माझा. बोलावणं मला आलं होतं आणि पोरीनं मधेच उचललं. ज्याचं त्याला दिलं तर तिला सोडतील की नाही? सोडायलाच हवं. माझ्या जाण्यानं कुणाचं अडणार होतं?

म्हणून आज दुपारी, सुया टोचून झाल्यावर, मी रेडिओ लावला. सुरभी नेहमीसारखी पाठ करून बसली होती. बाईनं बंदिशीचा मुखडा घेतला. ती समेवर आली आणि मी मोठ्यानं म्हटलं, "वा!"

गाणं थांबलं.

तबला थांबला. फक्त तंबोरा चालू राहिला. आणि त्या सभेत बसलेली सगळी माणसं गप्प झाली, पंगतीत कुणी वाईट बोललं की होतात तशी. रेडिओतली बाई पहिल्यांदाच बोलली. आवाजात राग नव्हता.

"खोटं कशाला, बाई?"

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. त्या थंडीत. खोटंच होतं ते. मी गाणं ऐकलंच नव्हतं. मी सौदा करत होते.

बाईनं पुन्हा सूर लावला.

या खेपेला मी ऐकलं. चुका शोधल्या नाहीत. सुरभीचं काय होईल, माझं काय होईल, काही मनात येऊ दिलं नाही. बाई वरच्या षड्जावर गेली आणि तिथं थांबली. एवढं सुंदर मी जन्मात काही ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मला पाणी मोजून मिळतं, तरी आलं.

"वा," मी म्हटलं. अगदी हळू.

रेडिओतून माझाच आवाज आला. मग टाळ्या. मग सतरंजीवर कुणीतरी सरकल्याचा आवाज.

मला वाटलं, झालं. सुटली पोर.

तेवढ्यात माझ्या कानाशी, आनंदानं, सुरभी म्हणाली, "सरका जरा. माझी आई आली."

मी दोन्ही कानांतली बोंडकं काढून टाकली. खोलीत मशीनचा आवाज होता, पंख्याचा होता. दुसरा कसलाच नव्हता.

सुरभी माझ्याकडे पाठ करूनच बसली होती. मोबाइल तिच्या मांडीवर बंद पडलेला होता. तिला तालातलं काडीचंही कळत नाही. तिचा उजवा हात मांडीवर हळूहळू ठेका धरत होता आणि मी मनात त्या बंदिशीच्या मात्रा मोजायला लागले तेव्हा तो बरोबर समेवर पडत होता.