चार वाजताचं दीपगृह

ज्यांना ही गोष्ट बनवलेली वाटेल त्यांनी खुशाल तसं समजावं. माझा आग्रह नाही. पण जिच्यासोबत हे घडलं ती माझी मावसबहीण आहे, आणि ती खोटं बोलायला लागली की तिचे कान लाल होतात. हे सांगताना ती पांढरीफटक पडली होती.

ती एका गेमच्या कंपनीत कामाला आहे. गेम बनवत नाही. खेळणाऱ्यांची भांडणं निस्तरते.

ऑनलाइन गेम, कुठले कुठले लोक एकत्र येऊन खेळतात. कुणी शिव्या दिल्या, फसवाफसवी केली, की बाकीचे त्याचा रिपोर्ट करतात. ते रिपोर्ट हिच्या पुढ्यात येतात. त्यात सगळ्यात जास्त बॉटचे. बॉट म्हणजे माणसाच्या जागी खेळणारा प्रोग्राम. मालक घोरत पडलेला असतो आणि त्याचं पात्र तिकडे गेममध्ये बिनचूक लाकडं तोडत असतं. हिने रेकॉर्डिंग बघायचं आणि ठरवायचं, पलीकडे माणूस आहे की बॉट. बॉट असेल तर अकाउंट बंद.

ऑफिसात तिला सगळे 'पंच' म्हणतात. घरी आम्ही चिडवायचो, की हिच्याशी लग्न करणाऱ्याला आधी माणूस असल्याचा पुरावा द्यावा लागणार.

तासाला चाळीस निकाल. म्हणजे एकाच्या वाट्याला दीड मिनिट.

तो बुधवार होता. दुपारचे चार वाजून सहा मिनिटं. पाचव्या मजल्यावरचा लांबट हॉल, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. बाहेर लख्ख ऊन. हे मुद्दाम सांगते, कारण असलं काही रात्रीच घडतं असं आपण धरून चालतो.

पुढ्यात एक अकाउंट आलं. नाव होतं 'आलेच'.

दोनशे सतरा रिपोर्ट.

त्या गेममध्ये चौघांची एक टोळी असते. होडी घेऊन समुद्रात जायचं, बेटं जिंकायची. 'आलेच' रोज चार वाजता टोळीत यायची आणि होडीकडे फिरकायचीही नाही. सरळ दीपगृहाच्या पायऱ्या चढायची. वरचा दिवा लावायची. मग तासभर दिव्यापाशी नुसती उभी. पाच वाजता गायब. तो दिवा लावण्याचे गुण कुणालाच मिळत नाहीत. धुक्यात होड्यांना किनारा दिसतो, एवढंच.

बाकीच्या तिघांना एक माणूस कमी पडायचा. ते चिडायचे. "बॉट आहे, हाकला." "खांबासारखी उभी राहते." "रोज तेच."

पंचने पाच दिवसांचं रेकॉर्डिंग पळवत पाहिलं. खरंच रोज तेच. तीच पावलं, तीच वळणं. दर दहा पायऱ्यांनी ते पात्र थांबायचं... मग पुढे चढायचं.

बॉटला दम कशाला लागेल, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. तिने तो बाजूला सारला.

नियम असा आहे, की शंका आली तर पंचाने गेममध्ये जायचं, पण कुणाला दिसायचं नाही. तिथे एक प्रश्न विचारायचा आणि दोन मिनिटं वाट पाहायची. उत्तर नाही आलं तर निकाल लावायचा.

ती गेली. वर दिव्यापाशी पिवळा रेनकोट घातलेलं एक पात्र पाठमोरं उभं होतं. तिने टाईप केलं, "तुम्ही माणूस आहात का?"

काहीच नाही.

फक्त लाटांचा आवाज. आणि हेडफोनमध्ये, चालू राहिलेल्या माईकमधून येणारी, त्या खेळाडूच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक.

मग ते पात्र... वळलं.

थेट तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं. ती दिसत नसताना.

योगायोग असेल, असं तिने स्वतःला समजावलं. सव्वाचारला मीटिंग होती. साहेब काचेपलीकडून हात करून बोलावत होते. तिने घड्याळ पाहिलं. एक मिनिट झालं होतं.

दोन मिनिटं थांबायचं असतं. ती एकच थांबली.

बटण दाबलं. कारण: 'यंत्रचालित'. अकाउंट बंद.

दुसऱ्या दिवशी चार वाजता रिपोर्ट आला. 'आलेच'च्याच नावाने.

जुना असेल म्हणून तिने तारीख पाहिली. आजचीच होती. रेकॉर्डिंग लावलं. पिवळा रेनकोट पायऱ्या चढत होता. दहा पायऱ्या... थांबला. दहा पायऱ्या... थांबला.

तिने तांत्रिक विभागातल्या दाढीवाल्याला बोलावलं. तो कशालाच न घाबरणारा माणूस, सर्व्हर बंद पडला तरी आधी चहा संपवतो. त्याने तपासलं, पुन्हा तपासलं आणि म्हणाला, की या अकाउंटवरून आत कुणी आलेलंच नाही. दार बंद आहे आणि कुलूप जागेवर आहे.

"मग हे कोण चढतंय?" तिने विचारलं.

त्याचा चहा तसाच राहिला.

त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये घड्याळाची टिकटिक नव्हती. दुसराच आवाज होता. हुस्स... टक. हुस्स... टक. एखादं मशीन कुणाला तरी श्वास देतं, तसा.

तिसऱ्या दिवशी तो आवाज थोडा कमी झाला होता. आणि पात्र दहाच्या ऐवजी पंधरा पायऱ्यांनी थांबत होतं.

चौथ्या दिवशी पंचने बुधवारची नोंद उघडली. आपण काय पाहायचं राहून गेलं, ते तिला शोधायचं होतं. तिचा प्रश्न तिथे होता. तुम्ही माणूस आहात का?

खाली उत्तर होतं.

प्रश्नानंतर एक मिनिट पन्नास सेकंदांनी आलेलं. म्हणजे अकाउंट बंद केल्यावर. पण दोन मिनिटांच्या आत.

"मी नाही. आई आहे."

तिने ते चार-पाच वेळा वाचलं. ती जिन्यात जाऊन बसली आणि का रडतेय हे न कळता रडली.

तिने त्या अकाउंटच्या पत्त्यावर मेल पाठवले. उत्तर नाही. साहेब म्हणाले, खेळणाऱ्याने स्वतः अपील केल्याशिवाय आपण कुणाला शोधत जात नाही. ती रोज त्यांच्या केबिनपाशी जाऊन उभी राहायची. अकराव्या दिवशी ते कंटाळले आणि फोन नंबर दिला.

फोन एका बाईंनी उचलला. पंचने सांगितलं, की गेमच्या ऑफिसातून बोलतेय, आमच्याकडून चूक झालीय, उद्या येऊ का? बाई या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचने आधी ते अकाउंट सुरू केलं. रिकाम्या हाताने काय जायचं, असं तिला वाटलं. चांगली बातमी घेऊन जाऊ.

हे ती मला सांगत होती तेव्हा इथे थांबली.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. बाई साठीच्या. जुनी पुस्तकं बांधून देण्याचं काम करायच्या. खोलीभर खळीचा वास, बोटांना वाळलेला डिंक, खिडकीपाशी वजनाखाली दाबून ठेवलेले गठ्ठे. एका कोपऱ्यात रिकामा पलंग, त्याच्या उशाशी कॉम्प्युटर. भिंतीवर घड्याळ. ती टिकटिक पंचने ओळखली.

काकूंनी चहा ठेवला आणि पंचने न विचारताच सांगायला लागल्या.

लेक चोवीस वर्षांची होती. फुफ्फुसांचं दुखणं. शेवटची दोन वर्षं याच पलंगावर. चार पावलं टाकली की धाप लागायची, म्हणून गेममध्ये चालायची. दुपारी चारला खोकला जरा उतरायचा, तेव्हा दीपगृह चढायची. वर पोचली की म्हणायची, आई, आज सगळ्या पायऱ्या चढले बघ. पुढे बोटं सुजली. मग तिने आईला चार बटणं शिकवली आणि ती आईच्या हाताने चालायला लागली. दर दहा पायऱ्यांनी थांबायचं, ही लेकीचीच सूचना. खरी चढत असते तर तेवढाच दम टिकला असता, म्हणायची.

गेममधले लोक शिव्या द्यायचे. म्हणून लेकीने चॅटची खिडकीच कायमची बंद करून ठेवली होती. पंचचा प्रश्न काकूंना दिसलाच नव्हता.

लेक जाऊन अकरा महिने झाले होते.

"ती गेल्यावरही मी चारला बसायचे," काकू म्हणाल्या. "दुसरं काय करणार? दिवा कोण लावणार?"

मग एके दिवशी पडदा काळा झाला. त्यावर लिहून आलं, यंत्रचालित. कॉम्प्युटर बिघडला असं काकूंना वाटलं. तरी सवयीने त्या दुसऱ्या दिवशी चारला बसल्या. हेडफोन लावला. आणि त्यात आवाज आला...

हुस्स... टक.

काकूंनी मागे वळून पलंगाकडे पाहिलं होतं. श्वासाचं ते मशीन अकरा महिन्यांपूर्वीच हॉस्पिटलला परत गेलं होतं.

"घाबरला नाहीत?" पंचने विचारलं.

"पोटच्या पोरीला कोण घाबरतं?"

मग रोज त्या काळ्या पडद्यापुढे बसायच्या. मशीनचा आवाज रोज थोडा कमी व्हायचा. आठव्या दिवशी पूर्ण थांबला. नुसता श्वास उरला, मोकळा. लहानपणी जिना धावत चढून आली की यायचा तसा. आणि काल, काकू म्हणाल्या, काल तर ती गुणगुणत होती. किती वर्षांनी.

कालचं रेकॉर्डिंग तिनेही पाहिलं होतं. पिवळा रेनकोट एकदाही न थांबता पायऱ्या चढला होता. जवळजवळ धावत.

आणि आज सकाळी तिने अकाउंट सुरू केलं होतं.

चार वाजले.

काकू कॉम्प्युटरपुढे बसल्या. पडदा उजळला. समुद्र, धक्का, दीपगृह, सगळं जिथल्या तिथे. पिवळा रेनकोट मुकाट उभा होता. काकूंनी बटण दाबलं, तेव्हा तो चालला. दहा पायऱ्या चढून थांबवला, तेव्हा थांबला.

दिवा लागला.

हेडफोनमध्ये लाटा होत्या. आणि याच खोलीतल्या घड्याळाची टिकटिक.

बाकी काही नाही.

काकू पाच वाजेपर्यंत ऐकत राहिल्या. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि त्याची वायर नीट गुंडाळायला लागल्या.

"आता नुसतं चित्र आहे गं," त्या म्हणाल्या.

पंच माफी मागायला गेली, तर त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तू चांगल्यासाठीच केलंस, म्हणाल्या. मग खाली बघत, एखाद्या परक्या माणसाकडे काही मागावं तसं विचारलं, "पुन्हा बंद करशील?"

पंचने आपला लॅपटॉप उघडला. अकाउंट बंद करताना कारण निवडावं लागतं. यंत्रचालित, शिवीगाळ, फसवणूक. शेवटचं होतं, खातेदाराची विनंती. तिने ते निवडलं. अशा वेळी खेळणाऱ्याच्या पडद्यावर एक प्रश्न जातो, 'मान्य आहे का?' तिथे त्याने होकाराचं बटण दाबलं तरच अकाउंट बंद होतं.

तुमच्या पडद्यावर आता प्रश्न येईल, असं काकूंना सांगायला तिने मान वर केली.

काकू खुर्ची सोडून पलंगाच्या कडेला येऊन बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, वायर बोटांत. कॉम्प्युटरजवळ कुणी नव्हतं.

लॅपटॉपवर ओळ उमटली.

'खातेदाराला मान्य आहे.'

आणि समोरचा पडदा... काळा झाला.

दोघींनी तो पाहिला. निघताना काकूंनी तिला दारापर्यंत पोचवलं आणि जिन्यात जपून उतर म्हणाल्या.

त्यानंतर 'आलेच'च्या नावाने एकही रिपोर्ट आला नाही. पंच रोज चारला बघायची. दीपगृह अंधारात. धुक्यात होड्या खडकांवर आदळायच्या आणि खेळणारे एकमेकांनाच शिव्या द्यायचे. तिने साहेबांना सांगून बॉटचं काम सोडलं. आता ती दुसऱ्या विभागात बसते. तिथे कुणाला माणूस आहात का असं विचारावं लागत नाही.

लेकीने होकार दिला, तो परत येता यावं म्हणून की कायमचं जाता यावं म्हणून, हे तिला अजून कळलेलं नाही. रात्रंदिवस तोच घोर.

काकू मात्र चारला बसतात. काळ्या पडद्यापुढे, हेडफोन लावून. पंच रोज पाच वाजता त्यांना फोन करते. ती विचारते, "आज?" त्या म्हणतात, "आज नाही." मग दोघी इकडचं तिकडचं बोलतात. सात महिने हेच चाललंय.

गेल्या मंगळवारी तिला पाच वाजता बाहेर जायचं होतं, म्हणून तिने वीस मिनिटं आधी, काकू हेडफोन लावून बसलेल्या असतानाच फोन केला. बराच वेळ वाजला. काकूंनी उचलला, पण आज नाही म्हणाल्या नाहीत.

"नंतर कर गं," कुजबुजत एवढंच म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

आपल्यामुळे पुन्हा काही तुटेल या धास्तीने तेव्हापासून तिने त्यांना फोन केलेला नाही. त्यांचाही आलेला नाही. काल रात्री जेवताना तिने मला विचारलं, करू का?