दोर धरलाय का?

"दोर धरलाय का?" चाळीस फुटांवरच्या फळीवरून आसावरी ओरडली.

"धरलाय!" खालून निनाद म्हणाला आणि तिने डोळे मिटून उडी मारली.

दोर ताणला गेला. ती अलगद खाली आली. ऑफिसच्या सगळ्या टीमने टाळ्या पिटल्या. आसावरी निनादच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. "तू होतास म्हणून रे! एरवी मी स्टुलावरही चढत नाही."

शिबिराची प्रशिक्षक यमुना घारे हातातल्या यंत्राच्या पडद्याकडे बघत उभी होती. हा दोर 'जागता' होता. त्याच्या धाग्यांत विणलेले संवेदक पडणाऱ्याचा वेग ओळखत आणि वरची कप्पी आपोआप आवळत. खालचा माणूस नुसता शोभेला. शिबिरार्थींना हे सांगायचं नाही, असं मालकांनी बजावलं होतं. सांगितलं तर आत्मविश्वास कसला वाढणार? पडद्यावर निनादच्या पकडीचा आकडा होता शून्य. मेला उडीचा व्हिडिओ काढत होता.

असली शून्यं यमुनाने तीन वर्षं मुकाट गिळली होती. वीस वर्षं कड्यांवर दोर धरून तळहातांना घट्टे पडलेली बाई ती, आणि आता खोट्या मिठ्यांची राखणदार! तिला स्वतःचीच किळस आली.

"ताई, रविवारी आम्ही दोघं खरा सुळका चढणार," आसावरी डोळे पुसत म्हणाली. "साध्या दोराने. निनाद खाली असला की मला कसली भीती?"

नोकरी गेली खड्ड्यात! यमुनाने खोलीतून आपला जुना दोर आणला, फळीकडे जाणाऱ्या शिडीच्या वरच्या कडीतून ओवला, एक टोक आसावरीच्या पट्ट्याला बांधलं आणि दुसरं निनादच्या हाती दिलं.

"हा स्वतःहून कुणाला धरत नाही. मघाशी तुम्हाला दोराने धरलं होतं, यांनी नाही." तिने पडद्यावरचं शून्य आसावरीसमोर धरलं.

"काहीतरीच! यंत्र चुकलं असेल," निनाद हसला. "चढ गं."

आसावरीही हसली, चढली. दहा फुटांवर मात्र तिचे पाय थबकले.

"दोर धरलाय का?"

निनादने मोबाइल खिशात टाकला. दोर दोन्ही हातांनी घट्ट पकडला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आत्ता धरलाय," तो म्हणाला.

मग आसावरी एकेक पायरी उतरली, कमरेचा पट्टा सोडला आणि त्याच्याकडे न बघता बसकडे निघून गेली.

"झालं समाधान?" निनाद यमुनावर उसळला. "चांगली मैत्री होती आमची. कशाला सांगितलंत?"

यमुनाने त्याच्या हातातून दोर काढून घेतला.

"आणि रविवारी तिला कुणी धरलं असतं?"