वाघाचं पान

"बाई, आमचे आबा परत आलेत."

सकाळचे नऊ वाजले होते. फोनवरचा आवाज इतका बारीक होता की अनुपमा रणदिवेंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"कोण आबा? कोण बोलतंय?"

"मी सोनम, खुटबावची. हौसरावआबांची सून. तिकिटांचा आल्बम अर्धा राहिला हुता ना आबांचा, तो पुरा करत्यात. रोज एक पान."

हौसराव शितोळे जाऊन सव्वा महिना झाला होता. अनुपमाबाई स्वतः दहाव्याला जाऊन आल्या होत्या. दौंडच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या या बाईंचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता, आणि सकाळच्या चहात कुणी व्यत्यय आणला तर त्यांचं डोकं फिरायचं.

"मग करू दे की पुरा. पसारा तरी आवरेल."

"तसं न्हाई बाई." सोनमला हुंदका आला. "आत्याबाई म्हंत्यात, आल्बम भरला की ते मला न्यायला येणार. साखरेच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या, समद्या बंद केल्यात. आज तुळशीच्या कुंडीत मूठभर सापडल्या मला. चार दिवस झालं, पोटात नुसता चहा हाय. आन् आता दोनच पाकिटं राहिल्यात."

आत्याबाई म्हणजे सोनमच्या सासूबाई, हौसरावांच्या मागे राहिलेल्या पुतळाबाई. अनुपमाबाईंनी चहा तसाच टाकला आणि स्कूटरची किल्ली उचलली.

हौसराव रेल्वेच्या टपालडब्यात सॉर्टर होते. जन्मभर पत्रं गावागावांच्या खणांत टाकली, नोकरीतच तिकिटांचा नाद लागला आणि निवृत्तीनंतर आल्बम लावायला बसले. पण त्यांचं वेड जगावेगळं होतं. तिकीट कसलंही असो, त्यावर टपाल कचेरीचा शिक्का चोख उमटलेला हवा. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांतल्या प्रत्येक कचेरीला आल्बममध्ये एक पान. लावायची राहिलेली तिकिटं दर गावाच्या वेगळ्या पाकिटात. अनुपमाबाईही तिकिटं जमवायच्या, त्यामुळे पंधरा वर्षं दोघांची देवाणघेवाण आणि तितकीच भांडणं चालली होती.

खुटबावला पोचल्या तेव्हा पुतळाबाई आबांच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. नुसता हाडांचा सापळा राहिला होता. पण चेहरा हसरा होता.

"या बाई. बघायला आला व्हय? आजबी येऊन गेले."

खोलीत तपकिरीचा वास होता. खुर्चीच्या गादीला माणूस नुकताच उठून गेल्यासारखा खड्डा होता. टेबलावर आल्बम, भिंग, चिमटा, आणि दोन फुगलेली पाकिटं, भोवती हळदीकुंकू. खिडकीला गज होते, दाराला कुलूप. अनुपमाबाईंना उगाच थंडी वाजली. त्यांनी खुर्चीत न बसता उभ्यानेच आल्बम उघडला.

"किल्ली कुणाकडे असते, वहिनी?"

"माझ्या कमरंला. रातचीबी सोडत न्हाई."

"कधीच नाही?"

"आंघुळीला तेवढी खुंटीला आडकवती. सात वाजता. सोनम पाठ चोळती. आंघुळ झाली की इथं येऊन दिवा लावती, तवा पान भरल्यालं असतंय. सोळा पाकिटं हुती. मला वाचता येत न्हाई, पर मोजता येतंय."

"रोज न चुकता?"

"तेराव्यानंतर लागले भरायला. पयला आठवडा रोज. मधी आठवडाभर आलेच न्हाईत. फकस्त गुरुवारी आले. गुरुवार करायचे ना ते, दत्ताचा. आन् आता परत रोज."

"पहिलं पान कोणतं भरलं?"

पुतळाबाईंनी बोट ठेवलं. "हे. वाघाचं."

पान वाघाचं खरंच होतं. पंधरा पैशांच्या जुन्या पोस्टकार्डांवर वाघाच्या तोंडाचं तिकीट छापलेलं असायचं. कार्डाचा तेवढाच कोपरा कापून घेतलेला. असे एकवीस वाघ, तीन रांगांत. प्रत्येकावर घोडनदीचा शिक्का, तारखा ब्याऐंशी ते एक्क्याण्णव. वर पेन्सिलीत मथळा होता, 'शिरूर'.

अनुपमाबाई चांगल्याच चमकल्या. दोन तालुक्यांतली यच्चयावत गावं हौसरावांकडे होती, फक्त घोडनदी नव्हती. एकदा त्यांनी आपल्याकडचा जादा शिक्का देऊ केला, तर म्हातारा ताडकन म्हणाला होता, "त्या गावाचं नाव काढू नका." आणि या पाकिटात एकवीस?

त्यांनी एका वाघाच्या कडेखाली नख घातलं. हललासुद्धा नाही. शेजारचा, त्याच्या शेजारचा, सगळे पानाला घट्ट चिकटवलेले होते. मग आल्बमची जुनी पानं उलटली. तिथे प्रत्येक तिकिटामागे दुमडलेल्या कागदाची छोटी बिजागरी होती. तिकीट वर उचलावं, मागची बाजू बघावी, पुन्हा खाली सोडावं.

"वहिनी, तुमचं माहेर कुठलं?"

हसू मावळलं. "घोडनदी. पर माहेर म्हणायचं तेवढंच. भाऊ आन् हे, विनोदच्या बारशाला भांडले. भाऊ यांना म्हणाला, पत्रं वाटणारा जावई. तवापासनं तुटलं. आईनं मला एक पत्र धाडलं न्हाई. मेली ते मला तीन महिन्यांनी केडगावच्या बाजारात कळलं."

"तुम्ही का नाही गेलात?"

"बोलावल्याबिगर? मलाबी रुसाय येतंय की."

अनुपमाबाई स्वयंपाकघरात गेल्या. सोनम चुलीपुढे डोळे पुसत होती.

"तुझे यजमान कुठेत?"

"झोपल्यात. दुपारपाळी हाय त्यांची. एक आठवडा सकाळपाळी, एक आठवडा दुपारपाळी. रांजणगावला, एमआयडीसीत."

"सुट्टी?"

"गुरुवारी."

"आणि तुम्ही दोघं त्या गावाला काय म्हणता? वहिनींच्या माहेराला?"

सोनम गोंधळली. "शिरूर. घोडनदी जुनी माणसं म्हंत्यात. का वो?"

"पाणी उकळायला ठेव. निमुळत्या तोंडाचं भांडं दे."

खोलीचं दार लोटून त्यांनी आल्बमचं पान वाफेवर धरलं. तिकीट कागदावरून सोडवणं हे त्यांच्या हातचं काम होतं. डिंक हळूहळू मऊ झाला. चिमट्याने पहिला वाघ सुटला. त्यांनी तो उलटा केला आणि भिंगाखाली धरला. मग दुसरा. मग तिसरा. चौथ्याला त्या खाली बसल्या, त्याच खड्ड्याच्या खुर्चीत. खोलीत कुणीतरी हळू आवाजात बोलत असल्यासारखं त्यांना वाटलं, आणि हौसराव नव्हते ते. बाईमाणूस होतं.

पाऊण तासाने त्यांनी सगळ्यांना उंबऱ्यापाशी बोलावलं. पुतळाबाई भिंतीला टेकल्या होत्या. सोनम त्यांच्या मागे. विनोद डोळे चोळत आला आणि बाईंच्या हातातल्या बशीतले सुटे वाघ बघून जागीच थांबला.

"वहिनी, हौसराव आलेले नाहीत," अनुपमाबाई म्हणाल्या. "मला वाईट वाटतं, पण आलेले नाहीत."

"मग पानं कोण भरतंय?"

"सांगते. हौसरावांनी आयुष्यात तिकिटाला डिंक लावला नाही. त्यांच्या लेखी तो खून होता. इथं सगळी नवी पानं डिंकाने चिकटवलीत. दुसरं, शिक्क्यावर जे नाव असेल तेच पानावर लिहायचं, हा त्यांचा नेम. यवतचं पान यवत, पाटसचं पाटस. शिक्का घोडनदीचा असेल तर त्यांनी घोडनदीच लिहिलं असतं. इथं शिरूर लिहिलंय. म्हणजे लिहिणारा तरुण आहे. घरात तरुण दोघंच."

सोनमचा चेहरा पांढरा पडला. "बाई, मी न्हाई..."

"तू नाहीस. पान भरतं ते आंघोळीच्या वेळात, आणि तेव्हा तुझे दोन्ही हात वहिनींच्या पाठीवर असतात. मधल्या आठवड्यात हे भूत फक्त गुरुवारी आलं. त्या आठवड्यात सकाळपाळी होती. सकाळपाळीचा माणूस सातला घरात नसतो, गुरुवारी असतो. होय ना, विनोद?"

पुतळाबाईंनी मान वळवून लेकाकडे पाहिलं. "तू? अरं, मी ह्यांची वाट बघती, आन् तू?"

"आई..."

"थांबा वहिनी. त्याने का केलं ते राहिलंय. पान लावायचंच असतं तर तो यवतच्या पुढून सुरू झाला असता, जिथे वडिलांनी सोडलं होतं. पण हा थेट शिरूरच्या पानावर गेला. पहिलं त्याने हेच चिकटवलं. कारण त्याला तिकिटं लावायची नव्हतीच. त्याला तिकिटांची मागची बाजू झाकायची होती."

"बाई, नका," विनोद हात जोडून म्हणाला. "पाया पडतो. आई मरंल."

"ती आत्ताच मरतीये, विनोद. तुझ्यासमोर. गोळ्या कुंडीत पुरतीये. आणि कुणाकडे जायला, ते तरी तिला कळू दे."

विनोदने सोनमकडे पाहिलं. सोनमने हळूच मान हलवली. त्याला गोळ्यांचं माहीतच नव्हतं. तो धपकन पायरीवर बसला.

"आबांनीच सांगितलं मला, शेवटच्या दिवशी," तो म्हणाला. "वाघाची कार्डं कुणाला दाखवू नको, म्हणाले. तोंडानं नीट बोलताबी येत नव्हतं. पाकीट उचललं असतं तर आईनं मोजलं असतं. तरी एकदा नेलं चुलीपाशी. पर आज्जीचे शब्द हैत त्यावर. न्हाई जाळवलं. म्हणून चिकटवून टाकलं. तर आई ते पान बघून हसली. आबा गेल्यापासनं पयल्यांदा हसली, बाई. मग मी थांबलोच न्हाई."

पुतळाबाईंना आता काहीच समजत नव्हतं. "कुणाचे शब्द?"

अनुपमाबाई त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"वहिनी, पोस्टकार्डाच्या एका अंगाला तिकीट आणि पत्ता असतो. मजकूर दुसऱ्या अंगाला. खुटबावचं टपाल हौसरावांच्याच हातून जायचं. तुमच्या आईने तुम्हाला नऊ वर्षं कार्डं पाठवली. त्यांनी ती खणात टाकलीच नाहीत, खिशात टाकली. फाडून मोकळे झाले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. पण चोख शिक्का त्यांच्याने टाकवेना. कोपरे कापून ठेवले. मागे आईचे शब्द तसेच राहिले. हौसरावांना मी फार मानायची. आज मला त्यांचा राग येतोय, आणि तो मी लपवणार नाही."

बशीत एकवीस तुकडे उलटे पडले होते. बोटाच्या पेराएवढे. कडेला शब्द तुटलेले, शाई फिकटलेली.

"वाचा," पुतळाबाई म्हणाल्या.

"'पुतळे, तुझा राग'... पुढे कापलंय. 'पंचमीला झोका बां'... 'विनू चालतो का'... 'भावाला मी बोलले, तो'... 'कार्ड मिळालं का, एक ओळ'... 'डोळ्यांनी दिसेना आता'... 'ये गं. मी काय तु'..."

त्या एकेक तुकडा वाचत गेल्या. अंगणात पाखरांचा आवाज होता, पण त्या उंबऱ्यावर फक्त घोडनदीची एक म्हातारी बोलत होती, अर्ध्या अर्ध्या शब्दांत. सोनम तोंडात पदर धरून रडत होती. पुतळाबाईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"किती हैत?"

"एकवीस."

"आन् मी एक धाडलं न्हाई." त्यांनी एक तुकडा उचलला, उलटा, सुलटा केला. वाघाकडे पाहिलं नाही, मागच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "ती रुसली न्हवती. मीच रुसले. चाळीस वर्सं, फुकटच्या फाकट."

विनोद पुढे आला, तर त्यांनी हाताने थांबवलं. रागाने नव्हे. मग खोलीत रिकाम्या खुर्चीकडे बघून अगदी शांतपणे, घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "तुमी जा फुडं. मी न्हाई येत."

आणि भिंतीला धरून उठल्या. सोनमने कमरेत हात घातला.

"भावजय हाय अजून तिथं. आई कुठं निजायची, तेवढं तरी दावील. उद्या गुरुवार हाय, विनूला सुट्टी हाय. चौफुल्यावरनं शिरूरची गाडी गावंल." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "भाकरी टाक गं दोन. भूक लागलीय मला."