अकरावी खाच

मंगळवार, १२ मार्च १९८५. संध्याकाळी सव्वापाच. घाटकोपरच्या एका धर्मादाय दवाखान्यात अनुपमाचा उजवा हात अकराव्या खाचेवर थांबला.

भिंतीवरच्या लाकडी पट्टीवर बोटं एकेक खाच वर चढवायची, हा व्यायाम. सात महिन्यांपूर्वी ती जिन्यावरून पडली होती. एक्स-रेत आता काही दिसत नव्हतं. पण अकराच्या वर कळ यायचीच. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या सुपरवायझर बाई म्हणायच्या, "सोंग आहे." शुक्रवारी वैद्यकीय तपासणी होती. हात डोक्यावर गेला नाही, तर ऑपरेटरची नोकरी जाणार होती.

"आजपण अकरा?" पट्टीच्या तळाला टेकलेल्या बाकावरून दत्तारामने विचारलं. चारकोपचा बोर्ड पेंटर. बोर्ड रंगवताना बांबूच्या परांचीवरून पडल्यापासून त्याचाही खांदा धरलेला. पट्टीवरचे पुसट आकडे त्यानेच काल नव्याने रंगवले होते.

"रोज मोजत बसता का?"

"मोजत नाही... बघत बसतो."

ती ओठ दाबून हसली. त्याचं हसू मात्र अर्ध्यावरच राहिलं. रोज हनुवटीपाशी असणारं तिचं कोपर आज नाकापर्यंत आलं होतं. त्याने उठून बाक सरकवला. मागे पट्टीच्या तळाशी तीन खाचा — आकडे न घातलेल्या.

गप्प बसता आलं असतं.

"अनुपमा... चूक झाली. बाक न हलवताच आकडे टाकले मी, खालच्या तीन खाचा सुटल्या. हा अकरा म्हणजे जुना चौदा."

तिने हात झटकन खाली घेतला. त्यासरशी कळ आली.

"म्हणजे मी सोंग करते? म्हणा, तुम्हीपण म्हणा."

"दुखतं ते खरंच दुखतं गं. पण हात आकडा बघून थांबतोय. माझं काय वेगळं आहे? परांची दिसली की खांदा ठणकतो. घाबरतो मी... कुणाला बोललो नव्हतो."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"आवडतेस म्हणून. तुला फसवून शुक्रवारी पाठवणं जमलं नसतं."

"शहाणाच आहेस," ती म्हणाली आणि निघून गेली. बुधवारी आली नाही. गुरुवारीही नाही.

शुक्रवारी सकाळी तपासणीच्या खोलीबाहेर दत्ताराम उभा होता. तिने त्याला पाहिलं आणि पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली. नाव पुकारल्यावर मात्र हातातली पर्स त्याच्याकडे दिली.

"आत पट्टी नसणार. कुठे थांबायचं, कसं कळणार रे?"

त्याने पुढे होऊन तिच्यासाठी दार उघडलं.

नऊ चाळीसला दार बंद झालं. दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत ते उघडलं नव्हतं; तिची पर्स धरून दत्ताराम बाहेरच उभा होता.