सातव्या रांगेतला वारा

“नवं आणा, नवं आणा! जुनं काय चावत होतं कुणाला?”

पुटपुटणंच होतं, पण अगदी कानाशी. सर्व्हरच्या उंच रॅकमागे वाकून ती सेन्सर चिकटवत होती आणि पलीकडून, दोन यंत्रांमधल्या फटीतून, हा आवाज येत होता. त्या हॉलमध्ये पंख्यांची घरघर एवढी की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. ही कुरकुर मात्र सुईसारखी नेमकी तिच्या कानात शिरली.

“आता येईल कुणीतरी बाई. पडद्यावर निळे-तांबडे पट्टे दाखवेल नि म्हणेल, बघा तुमची हवा कशी वाहते! अहो, माझी हवा मला माहीत आहे.”

तिने फटीला तोंड लावलं. “जुनं चावत नव्हतं, झोपलं होतं. आणि बाई आलेली आहे.”

मग फटीत एक डोळा दिसला... चढलेली भुवई... आणि लाल झालेली कानाची पाळी. बाकीचा माणूस रॅकला वळसा घालून यायला जरा वेळच लागला.

तो त्या डेटा सेंटरचा हॉलप्रमुख. नियमांचा इतका पक्का, की सगळे त्याला मागून ‘नियमराव’ म्हणत आणि पुढून ‘सर’. हॉलमध्ये पाण्याचा घोट नाही, दार दोन सेकंदांच्या वर उघडं नाही, आणि जमिनीतली फरशी उचलायची तर ती फक्त त्याने. ती फरशी म्हणजे साधीसुधी नव्हे. जमिनीखाली पोकळी, पोकळीत गार हवा, जाळीच्या फरश्यांतून ती वर येणार, यंत्रं थंड करणार आणि तापून मागच्या बाजूने परत जाणार. जाळीखाली एक झडप असते; वारा किती सोडायचा ते ती ठरवते.

आणि हा सगळा वारा पडद्यावर काढून दाखवणारं सॉफ्टवेअर हिच्या कंपनीचं. नव्या आवृत्तीत एक सोय हिने हट्टाने घातली होती: हिशेबातली हवा आणि सेन्सरची खरी हवा यांचा मेळ बसला नाही, तर चूक कुठे असेल ते सॉफ्टवेअरनेच सांगायचं. “लोकांना आपली चूक दुसऱ्याने दाखवलेली आवडत नाही,” तिचे साहेब म्हणाले होते, “मशीनने दाखवलेली तर मुळीच नाही.” ती ऐकेना. शेवटी साहेब म्हणाले, “बरं. एका ठिकाणी चालवून दाखवा. नाही चाललं तर हे काढून टाकू, आणि तुम्ही परत ग्राहकांचे फोन घ्यायला बसा.”

ते एक ठिकाण म्हणजे हे. आणि तिथे हा माणूस!

सातव्या रांगेतल्या मधल्या जाळीपाशी तिने लॅपटॉपची ट्रॉली उभी केली. प्लग तेवढा तिथेच होता. खालून वारा असा यायचा की पाय आपले आहेत की उसने आणलेत, कळू नये. ओढणी सारखी तोंडावर. नाक लाल.

“स्वेटर आणत नाही का तुम्ही?” नियमरावने विचारलं.

“आणते. पण तो वरचा मजला सांभाळतो. वारा तळमजल्यावरून येतो.”

“वाऱ्याचं तुम्हीच शिकलात ना? मग समजावा की त्याला.”

“समजावलं असतं. पण तोही तुमच्यासारखाच दिसतोय. ऐकून घेतो आणि आपलंच खरं करतो.”

तो हसला नाही. पण जाताना एकदा वळून तिच्या पायांकडे पाहिलं... आणि मग घाईघाईने दुसरीकडे.

दोन-चार दिवसांत तिला थंडी वाजेनाशी झाली. “सवय झाली बघ मला,” तिने फोनवर ताईला मोठ्या रुबाबात सांगितलं. ताई थोरली, त्यामुळे कशानेच भारावून न जाणारी. “थंडीची सवय होते, आणि त्या कटकट्या माणसाची?” तिने विचारलं. “रोज अर्धा तास त्याच्याबद्दल तक्रार करतेस. एवढी तक्रार मी तुझ्या भाऊजींबद्दल लग्न ठरेपर्यंत केली होती.”

“ताई, फोन ठेव.”

आणि नेमकं त्याच सुमाराला गणित फिसकटलं. सगळ्या रांगा जुळल्या, सातवी जुळेना. हिशेब म्हणे इथे गारवा, सेन्सर म्हणे ऊब. पडद्यावर तो तुकडा तांबडाबुंद, आणि खाली तिच्याच लाडक्या सोयीने लिहिलेलं: सातवी रांग, मधली जाळी, झडप बंद असावी.

“उघडी आहे रे बाबा!” ती पडद्यावर खेकसली. नकाशात उघडी. वरून पाहिलं तर जाळीची भोकं जिथल्या तिथे.

“अहो, ती झडप उघडी आहे ना?” तिने कंट्रोल रूममध्ये जाऊन नियमरावला विचारलं.

“उघडी असायला हवी,” तो छताकडे बघत म्हणाला.

तिथल्या चष्मेवाल्या ऑपरेटरला त्याच वेळी जोरात खोकला आला.

संपलं. ज्या माणसाने नियम मोडला तर सूर्य पश्चिमेला उगवेल, त्याने ‘हवी’ म्हटलं म्हणजे आहेच. तिने सेन्सर बदलले. आकडे पुन्हा भरले. हिशेब पुन्हा चालवला. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य: झडप बंद असावी. तिसऱ्या दिवशी तेच. एखाद्या सासूने एकच गोष्ट रोज नव्याने सांगावी तसं! ज्याच्यासाठी साहेबांशी भांडली, त्यालाच आता ती “ठोंब्या”, “बिनडोक” म्हणू लागली.

हॉलच्या दाराबाहेर चहा मिळे. नियमराव तिच्या कपावर बशी झाकून ठेवायचा. का, ते कधी बोलला नाही. तिनेही विचारलं नाही. बशी उचलली की वाफ थेट गालांवर यायची आणि दिवसातला तेवढा एक क्षण ती चिडलेली नसायची.

“उद्या याल ना?” तो विचारी.

“जुळेपर्यंत यावंच लागेल. तुमची सुटका नाही.”

“नाही, म्हणजे... घाई नको. हवेच्या कामात घाई बरी नव्हे.”

“तुम्हाला काय जातंय म्हणायला! तुमच्या मोठ्या मॅडम पाहणीला आल्या नि हे असंच तांबडं राहिलं, की माझं सगळं मुसळ केरात.”

त्याने बशी पुन्हा तिच्या कपावर सरकवली. चष्मेवाला शेजारीच होता. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि पुढ्यातलं बिस्किट चहात बुडून गेलं तरी बघत बसला.

मोठ्या मॅडम आल्या त्या थेट हॉलमध्येच; मागोमाग नियमराव आणि चष्मेवाला. डेटा सेंटर त्यांच्या शब्दावर चालायचं. आणि त्या शब्द मोजूनच वापरायच्या. पडद्यावरचा तांबडा तुकडा त्यांनी पाहिला, खालचं वाक्य वाचलं. “झडप बंद आहे म्हणतंय. आहे?”

“नाही, मॅडम,” ती म्हणाली. “सरांनी सांगितलंय. ही... ही आमच्या नव्या सोयीचीच चूक आहे.”

स्वतःच्या तोंडाने म्हटलं तिने. दोन वर्षांचं काम, आणि एका वाक्यात मोडीत.

“मग प्रश्न मिटला,” मॅडम म्हणाल्या. “चुकीचा सल्ला देणारं मशीन मला नको. जुनी आवृत्ती परत बसवा. तुमच्या साहेबांना मी आजच कळवते.”

तिने लॅपटॉप मिटला. वायर गुंडाळायला घेतली, ती सुटली, पुन्हा घेतली. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून ती वायरीवरच रागावली.

“मॅडम, थांबा.” नियमराव पुढे आला. त्याच्या कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या. “सोय बरोबर आहे. झडप बंद आहे. मी केली.”



“तुम्ही?” मॅडमनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एखादा शब्द वाया घालवला.

“यांचे पाय गार पडायचे.”

“इथे सगळ्यांचेच पडतात. या शेजारच्या जाळीवर माझे पडताहेत, आत्ता,” मॅडम म्हणाल्या. चष्मेवाला छतावरचे दिवे मोजू लागला. “बरं. केली. पण आकडे जुळेनात हे कळल्यावर उघडायची होती. का नाही उघडली?”

“उघडली असती तर जुळलं असतं.”

“मग?”

“जुळलं असतं तर...” तो थांबला. तिच्याकडे बघितलं, फरशीकडे बघितलं. “म्हणजे, मॅडम, तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर—”

“तांत्रिकदृष्ट्या!” तिच्या हातातली वायर खाली पडली. “माझी नोकरी चालली होती, आणि तुम्ही तांत्रिकदृष्ट्या छताकडे बघत होतात? हे बिचारं रोज सकाळी खरं सांगत होतं. मी याला ठोंब्या म्हटलं, बिनडोक म्हटलं... का? तर तुम्ही ‘हवी’ म्हणालात म्हणून! माझ्या स्वतःच्या कामापेक्षा तुमच्या एका शब्दावर जास्त विश्वास ठेवला मी!”

“मी चुकलो,” तो म्हणाला. एवढंच. पण सरळ तिच्या डोळ्यांत बघून.

“चुकलातच! पुढचंही बोला ना आता. जुळलं असतं तर काय?”

तो वाकून तिची पडलेली वायर गुंडाळू लागला. चष्मेवाला खोकायचाही विसरला. मोठ्या मॅडमनी घड्याळात बघितलं, पण हलल्या मात्र नाहीत. आणि तिला ते सगळे चेहरे एकदम दिसले. प्रत्येकाला त्याचं उत्तर कळलं होतं. चष्मेवाल्याला तर कधीपासून! आणि तिला? फरशी उचलून दाखवा, एवढं एक वाक्य ती एरवी कुणालाही ठणकावून म्हणाली असती. याला एकदाही म्हणाली नव्हती.

“जुळलं असतं तर मी गेले असते,” ती म्हणाली. आवाज खाली आला होता, पण वैताग तसाच. “आणि मलाही जायचं नव्हतं. आवडता तुम्ही मला. प्रचंड राग येतोय तुमचा, आणि आवडता. आता हे कुठल्या नियमात बसवायचं ते तुम्ही बघा!”