कानगोष्ट चव्हाट्यावर कशी गेली?

"आजोबा, कुणीतरी कानगोष्टचं कुलूप फोडलंय!"

मंजिरी धापा टाकत पडवीत आली. 'कानगोष्ट' हे तिच्या फोनमधलं निरोप पाठवायचं अ‍ॅप. आणि तिचे आजोबा म्हणजे संकेतशास्त्राचे (मजकूर परक्याला कळणार नाही असा दडवण्याच्या शास्त्राचे) जुने संशोधक. त्यांनी हातातला चहा तसाच बाजूला ठेवला.

"बस आधी. काय झालं ते नीट सांग."

झालं होतं ते असं. कुंडवाडीच्या रानात, एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत, मंजिरीला धनेश पक्ष्याचं घरटं सापडलं होतं. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी स्वतःला ढोलीत कोंडून घेते. ढोलीचं तोंड लिंपून टाकते आणि चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. मग तिचं आणि पिल्लांचं पोट नरानं आणलेल्या फळांवर. मंजिरीनं त्या फटीचा फोटो काढला आणि कानगोष्टवरून फक्त झोयाला पाठवला. झोया मुकादम म्हणजे तिची शेजारच्या गावातली जिवाभावाची मैत्रीण.

आणि आज सकाळी पाहते तर काय, बेहड्याखाली जत्रा! शहरातून माणसं आलेली. त्यांचे उडते कॅमेरे भुंग्यांसारखे ढोलीभोवती घोंघावत होते. नर धनेश चोचीत फळ धरून लांबच्या झाडावर बसला होता, पण घरट्याकडे यायचं नाव घेत नव्हता.

"आत सगळी उपाशी आहेत, आजोबा! मी दुसऱ्या कुण्णाला सांगितलं नव्हतं. म्हणजे निरोप मधेच कुणीतरी वाचला ना?"

"तर्क करण्यापेक्षा बघूच या," आजोबा म्हणाले. "झोयाला काहीतरी पाठव."

मंजिरीनं 'लगेच इकडे ये' असं लिहिलं. आजोबांनी घरच्या राउटरमधून बाहेर पडणारा मजकूर भिंतीवरच्या पडद्यावर दाखवला. तिथे ना 'लगेच' होतं, ना 'ये'. अक्षरं आणि आकड्यांची नुसती खिचडी.

"हे काय भलतंच?"

"तुझाच निरोप. कुलूप लावलेला! असं समज, झोयाचा फोन स्वतःची उघडी कुलपं सगळ्यांना वाटत असतो. तुझ्या फोननं त्यातलं एक घेतलं आणि निरोपाला लावलं. कुलूप लावायला किल्ली लागते का?"

"नाही. दाबलं की बसतं."

"बरोबर. उघडायची किल्ली मात्र झोयाच्या फोनमधून कधीच बाहेर पडत नाही. त्यामुळे वाटेत मला, चोराला किंवा कानगोष्ट चालवणाऱ्या कंपनीलासुद्धा आतलं वाचता येत नाही. याला म्हणतात आद्यंत सांकेतन (निघाल्यापासून पोचेपर्यंत निरोप कुलूपबंद ठेवणं)."

"कंपनीला काहीच कळत नाही?"

"तसंही नाही. कुणी, कुणाला, कधी निरोप पाठवला हे तिला कळू शकतं. पाकीट न फोडताही पोस्टमनला पत्ता दिसतोच की."

मंजिरी हळूच म्हणाली, "वाटेत कुलूप फुटलं नसेल, तर... झोयाकडे ते उघडलंच असणार."

तिनं घाईघाईनं फोनवर 'चव्हाटा' उघडला. तिथे कुणीही लिहावं आणि जगानं वाचावं. समोरच तिनं काढलेला फोटो होता. वर झोयानं लिहिलं होतं, 'माझ्या मंजूनं शोधलेलं घरटं! आहे का कुणाची अशी मैत्रीण?' खाली नकाशा, आणि नकाशात नेमका तोच बेहडा.

"जागा तर तिनं लिहिलेली नाही!"

"फोटोनं सांगितली. फोटोच्या पोटात तो कुठे आणि कधी काढला याची नोंद असते. ती अधिमाहिती (माहितीबद्दलची माहिती). तू मूळ फोटो जसाच्या तसा पाठवलास, चव्हाट्यानं ती नोंद वाचून नकाशा जोडला."

तेवढ्यात झोयाची विजेवरची सायकल दारात थांबली. मंजिरीचा चेहरा पाहूनच तिचं हसू मावळलं.

"का टाकलास फोटो?"

"सगळ्यांना कळावं, तू किती हुशार आहेस ते." झोयाच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुणाला सांगू नको असं तू म्हणाली नव्हतीस गं."

ते खरं होतं. मंजिरी रागावली होती, तरी तिनं झोयाला शेजारी बसवून घेतलं.

झोयानं फोटो पुसला. आजोबांनी मान हलवली. "एव्हाना त्याच्या कितीतरी नकला झाल्या असतील. चव्हाट्यावर गेलेली गोष्ट परत घरात आणता येत नाही."

"मग नको आणायला!" मंजिरी एकदम उठली. "गर्दी चव्हाट्यावरून आली ना? चव्हाट्यावरूनच परत जाईल. झोया, लिही!"

दोघींनी मिळून लिहिलं, 'आत एक आई कोंडलेली आहे. तिची पिल्लं भुकेली आहेत. बाबा फळ घेऊन आलाय, पण तो आपल्याला घाबरतो. आपण घरी गेलो, तरच ती जेवतील.' आजोबांनी वनखात्यालाही फोन लावला.

तिघं रानात पोचली तेव्हा लोक आपापल्या पडद्यांवर तेच वाचत होते. एका बाईंनी आपला कॅमेरा खाली उतरवला. "आम्हाला माहीत नव्हतं गं, पोरींनो," त्या म्हणाल्या आणि बाकीच्यांनाही घेऊन निघाल्या. काहींनी कुरकुर केली, पण वनरक्षक येताच तेही पांगले.

रान शांत झालं. बराच वेळ काहीच घडलं नाही. मंजिरीनं झोयाचा हात घट्ट धरला. मग पंखांचा मोठा फडफडाट झाला, आणि नरानं उंबराचं फळ फटीतून आत दिलं.

परतताना मंजिरी विचारात होती. "आजोबा, दुर्मीळ पक्ष्याचा फोटो निघताक्षणी जागेची नोंद आपोआप पुसणारा कॅमेरा करता येईल?"

"का नाही? पण कुणाला काय सांगायचं, हे तो कॅमेरा कसा ठरवणार?"

"ते आम्ही ठरवू!" दोघी एकदमच म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी पडवीत कामाला सुरुवात झाली. मंजिरी कॅमेऱ्याची आकृती काढत होती, आणि झोया फोन हातात घेऊन म्हणत होती, "मंजू, तुझा हा आकृती काढतानाचा फोटो छान आलाय. टाकू का चव्हाट्यावर?"

आज तिनं आधी विचारलं होतं. मंजिरीनं फोटो पाहिला, विस्कटलेले केस मागे सारले आणि म्हणाली, "थांब, वेणी घालते. मग टाक!"